संग्रहालय बंद पडलं, मग लढाऊ विमान गेलं कुठं?

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडच्या तळावर मिग-२१ ला निरोप दिला गेला. १९६३ साली दाखल झालेलं हे विमान बासष्ट वर्षं सेवेत राहिलं. हवाई दलानं एकूण ८७० च्या वर मिग-२१ वापरली आणि त्यातली बरीचशी नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात तयार झाली. पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी टीव्हीवर पाहिली की पाठोपाठ मनात येतं, आता ही विमानं कुठं जाणार? आपल्या गावाला, आपल्या कॉलेजला एखादं मिळेल का?

हा लेख त्याच्याही पुढच्या टप्प्याबद्दल आहे. मिळालेलं विमान वीस वर्षं चौकात किंवा संग्रहालयात उभं राहतं. मग संग्रहालयाला कुलूप लागतं, चौकाचं रुंदीकरण निघतं आणि एक दिवस विमान जागेवर नसतं. कुणी म्हणतं परत नेलं, कुणी म्हणतं विकलं, कुणी म्हणतं कापलं. नेमकं काय झालं हे शोधता येतं, मात्र शोध आकाशातून सुरू होत नाही. तो नोंदवहीतून सुरू होतो.

गिरणीच्या मागांसारखंच

सोलापूरकराला हे समजायला जड जाऊ नये. लक्ष्मी-विष्णू मिलचा भोंगा थांबला, नरसिंग गिरजीचा थांबला. कुठलाही कापड कारखाना बंद पडला की आतल्या मागांच्या वाटा ठरलेल्या असतात. चालू स्थितीतला माग दुसरा कारखानदार उचलतो. बिघडलेल्याचे सुटे भाग निघतात आणि ते दहा ठिकाणच्या मागांत जाऊन बसतात. उरलेलं बिडाचं लोखंड किलोच्या भावानं जातं. पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न सुटावा लागतो: माग कुणाचा? मालकाचा, बँकेकडं गहाण असलेला, की कुणाकडून भाड्यानं आणलेला? हा कागद नसेल तर माग जागेवर गंजतो.

जेट विमानाचं तंतोतंत असंच होतं. फरक एवढाच, की मागाला स्फोटक काडतुसं जोडलेली नसतात.

निवृत्त म्हणजे काय

एखादं विमान हवाई दलाच्या वहीतून कमी केलं जातं, त्याला त्यांच्या भाषेत ‘स्ट्रक ऑफ चार्ज’ म्हणतात. आपल्या सरकारी कार्यालयांत याच क्रियेला निर्लेखन म्हणतात, म्हणजे वस्तू वापरातून कायमची बाद झाल्याची नोंद. पुढं लेखात निर्लेखन हाच शब्द वापरतो.

निर्लेखन झालेलं विमान तसंच कुणाच्या हाती दिलं जात नाही. शस्त्रं, रडार, आपला-परका ओळखणारी यंत्रणा आणि रेडिओ आधी उतरतात. इंजिन बहुधा निघतं. सगळ्यात महत्त्वाचं काम खुर्चीचं. लढाऊ विमानाच्या वैमानिकाची खुर्ची संकटात त्याच्यासकट बाहेर फेकली जाते आणि ते काम बारुदाची काडतुसं करतात. वरची काच उडवायलाही वेगळी काडतुसं असतात. ती वर्षानुवर्षं पडून राहिली की निकामी होतातच असं नाही, उलट त्यांचा भरवसा राहत नाही. खुर्चीचं हँडल हौसेनं ओढून पाहणं म्हणूनच जिवाशी खेळ आहे. ‘खुर्ची निर्धोक केली’ असा लेखी दाखला विमानासोबत आला पाहिजे. विमान चौथ्या-पाचव्या हाती गेलं की हरवणारा पहिला कागद बहुतेक हाच असतो.

मिग-२१ च्या चाकांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, त्यामुळं आत उच्च दाबाच्या हवेच्या बाटल्या असतात. पाइपांत लालसर हायड्रॉलिक तेल उरलेलं असतं. रिकाम्या टाकीत रॉकेलसारख्या इंधनाची वाफ कोंडलेली असते. या तिन्हींची विल्हेवाट न लावता कुणी ग्राइंडर लावला तर आग भडकायला वेळ लागत नाही.

उसनं, दान की विकत?

संग्रहालय बंद झाल्यावर विमानाचं काय होणार हे ते विमान आलं कसं यावर ठरतं, आणि इथंच बहुतेकांचा शोध चुकतो. लोक विमानाच्या मागं धावतात. धावायला हवं कराराच्या मागं.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात रँटूल नावाच्या गावी शनूट हे विमान संग्रहालय होतं. बंद पडलेल्या जुन्या हवाई तळावर ते उभं होतं आणि २०१५ च्या अखेरीस तेही बंद झालं. तिथली बरीच लष्करी विमानं संग्रहालयाच्या मालकीची नव्हतीच. अमेरिकी हवाई दल आपल्या मध्यवर्ती संग्रहालयामार्फत विमानं उसनी देतं आणि मालकी स्वतःकडं ठेवतं. त्यामुळं दार बंद झालं तेव्हा निर्णय मालकाचा होता. बी-४७ या जेट बॉम्बफेकी विमानाचे सुरुवातीला दोनच नमुने बनले होते, त्यातला उरलेला एक शनूटमध्ये होता. तो सुटा करून कॅलिफोर्नियात एडवर्ड्स तळाच्या संग्रहालयाकडं गेला. दुर्मीळ होता, म्हणून खर्च करायला कुणीतरी पुढं आलं. ज्या प्रकारची विमानं डझनांनी उरलेली असतात, त्यांच्यासाठी कुणी ट्रेलर पाठवत नाही.

ब्रिटनमध्ये साउथएंडच्या विमानतळाशेजारचं संग्रहालय १९८३ मध्ये बंद झालं, तेव्हा विमानांचा सरळ लिलाव पुकारला गेला. मालकी संग्रहालयाची असली की असं होतं. एका दुपारी संग्रह दहा दिशांना फुटतो आणि त्यानंतर प्रत्येक विमानाचा वेगळा माग काढावा लागतो. उलट ॲरिझोनातल्या मेसा इथलं चॅम्प्लिन लढाऊ विमान संग्रहालय २००३ मध्ये बंद झालं, तेव्हा तो संग्रह सिएटलच्या म्युझियम ऑफ फ्लाइटनं घेतला. असं क्वचित घडतं. मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयानं २०२१ मध्ये विमानांचं दालन बंद केलं, तिथं अडचण विमानांची नव्हतीच. जुन्या बाजारपेठेची ती इमारत दुरुस्तीला आली होती.

आपल्याकडं दानाची पद्धत जास्त दिसते. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाला हवाई दलानं २००९ मध्ये एक मिग-२३ भेट दिलं. २०२० मध्ये कुणीतरी खोडसाळपणे ते विमान ऑनलाइन बाजारात ९ कोटी ९९ लाखांना विकायला टाकलं. विद्यापीठाला खुलासा करावा लागला की आम्ही असं काही केलेलं नाही. चेष्टा सोडा, पण त्यात खरा प्रश्न दडलेला आहे. दान घेतलेल्या संस्थेला ते विमान विकता येतं का? उत्तर दानपत्राच्या अटींत असतं. फक्त प्रदर्शनासाठी, हस्तांतर नाही, नको असल्यास परत कळवावं, अशा अटी घातल्या असतील तर ‘आम्ही भंगारात दिलं’ हे उत्तर संस्थेला अंगाशी येऊ शकतं.

मालकीच विसरली जाते, असंही होतं. कोलकाता विमानतळाच्या एका कोपऱ्यात एअर इंडियाचं एक जुनं बोइंग ७३७ तेरा वर्षं उभं होतं आणि ते आपलं आहे हे कंपनीच्या हिशेबातून निसटलं होतं. २०२५ मध्ये ते सापडलं आणि रस्त्यानं बंगळुरूला नेलं गेलं. ते प्रवासी विमान होतं, लष्करी नव्हे. पण एवढं मोठं विमान कंपनीच्या वहीतून गळू शकतं, तर गावच्या संस्थेच्या कपाटातलं दानपत्र गळायला कितीसा वेळ लागणार?

विक्रांतची गोष्ट, आणि त्यातली अडचण

महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं बंद पडलेलं विमान संग्रहालय तरंगतं होतं. विमानवाहू विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला नौदलातून निवृत्त झाली आणि २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना पाहता येऊ लागली. सी हॉक, अलिझे अशी तिच्यावरून उडालेल्या प्रकारची विमानं तिच्यावर ठेवलेली होती. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून दार बंद झालं. २०१४ मध्ये ती सुमारे ६० कोटींना भंगारात विकली गेली आणि मुंबईतच दारूखाना या जहाजं तोडण्याच्या जागी तोडली गेली. तिच्या पोलादाचा अंश वापरून बजाजनं २०१६ मध्ये मोटारसायकल काढली, तीही अनेकांना आठवत असेल.

आता इथं शोधणाऱ्याची गफलत कशी होते बघा. जहाज दारूखान्यात गेलं, म्हणजे वरची विमानंही तिथंच गेली, असं गृहीत धरलं जातं. पण जहाज ही एक मालमत्ता, त्यावर ठेवलेलं प्रत्येक विमान ही दुसरी. जहाजाच्या विक्रीचा कागद वाचून विमानाचं ठिकाण कळत नाही. त्यासाठी संग्रहालयाची वस्तुयादी लागते आणि त्या यादीत प्रत्येक विमानाचा क्रमांक लागतो. म्हणून आता क्रमांकाकडं वळू.

शेपटीवरचा नंबर खरा कशावरून?

भारतीय लष्करी विमानावर रंगानं क्रमांक लिहिलेला असतो आणि सुरुवातीची अक्षरं बहुधा प्रकार सांगतात. मिग-२१ चा क्रमांक सी पासून; हवाई दलाच्या जुन्या लढाऊ विमानांपैकी मरुतचा बीडी पासून, हंटरचा बीए पासून, नॅटचा आयई पासून. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानात उतरलेलं नॅट आज कराचीच्या संग्रहालयात आहे. त्याचा क्रमांक आयई-१०८३ असल्यामुळं ‘ते हेच’ असं ठामपणे म्हणता येतं.

पण रंग हा रंगच. चौकातलं विमान दर काही वर्षांनी रंगवलं जातं आणि पेंटरला क्रमांकाचं महत्त्व ठाऊक नसतं. एक आकडा गळतो, ३ चा ८ होतो, कधी एखाद्या गाजलेल्या विमानाचा क्रमांक मुद्दाम चढवला जातो. म्हणून रंगवलेला क्रमांक हा फक्त दावा समजायचा. पुरावा म्हणजे कारखान्याची पाटी. ही बोटाएवढी धातूची पट्टी असते, त्यावर कारखान्याचा अनुक्रमांक ठोकलेला असतो. ती कॉकपिटमध्ये, चाक आत जातं त्या खोबणीत किंवा तपासणीच्या झाकणामागं मिळते. पाटी गायब असेल तर झाकणं उघडून आतली बाजू पाहावी. विमानाची झाकणं त्या त्या विमानाला घासून बसवलेली असतात, एकाचं दुसऱ्याला चपखल बसत नाही. म्हणून अनेकदा त्यांच्या आतल्या कडेला मूळ विमानाच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे असतात. चार झाकणांवर एकच आकडा आला तर विमान तेच. चार झाकणांवर चार आकडे आले, तर समोर उभं आहे ते दोन-तीन विमानांचं जोडकाम.

जोडकाम होण्यात गैर काही नाही. एकाचे पंख चांगले, दुसऱ्याचं नाक चांगलं, असं करूनच प्रदर्शनाचं एक विमान उभं राहतं. मात्र शोधताना हे माहीत नसलं तर एकाच क्रमांकाची दोन विमानं दोन शहरांत सापडतात आणि माणूस चक्रावतो. पंख एकीकडं, धड दुसरीकडं, दोन्हीवर तोच नंबर.

आणखी एक साधी चाचणी: समोरचं विमान खरं आहे की फायबरची प्रतिकृती? लोहचुंबक घेऊन जा. पोलादी पत्र्याची प्रतिकृती असेल तर चुंबक सगळीकडं चिकटतं. खऱ्या विमानाच्या अंगाला ते चिकटत नाही, कारण अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. चाकांच्या दांड्यांना मात्र घट्ट बसतं. फायबरलाही चुंबक चिकटत नाही, पण बोटानं वाजवलं की ते बद्द वाजतं आणि रिव्हेटच्या ओळी रंगानं काढलेल्या दिसतात.

वरून बघितलं तर

गुगल अर्थच्या संगणकावरच्या आवृत्तीत घड्याळाचं चिन्ह असतं. ते दाबलं की त्याच जागेची जुन्या तारखांची उपग्रहचित्रं दिसतात. विमान शेवटचं कधी दिसतं आणि पहिल्यांदा कधी दिसत नाही, या दोन तारखांच्या मधला काळ हाती आला की अर्धं काम झालं. पुढचे कागद त्याच काळातले मागायचे.

मोजपट्टीनं पंखांचं टोकापासून टोकापर्यंतचं अंतर घ्या. मिग-२१ चे पंख ७.१५ मीटर, नॅटचे सुमारे ६.७५, मरुतचे ९, हंटरचे १०.२५ च्या आसपास, कॅनबेरा या बॉम्बफेकी विमानाचे साडेएकोणीस. उपग्रहचित्रात अर्धा-एक मीटर इकडंतिकडं होतंच, त्यामुळं पंखांच्या मापावरून मिग आणि नॅट वेगळे करता येत नाहीत. मग लांबी बघायची: नॅट नऊ मीटर, मिग नाकावरची नळी धरून पंधराच्या घरात. शिवाय मिगचा पंख वरून समोश्यासारखा तिकोनी दिसतो. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या चित्रात उभ्या शेपटीची सावली लांब पडते, तीही ओळख पटवते.

झाडं इथं दगा देतात. दहा वर्षांत कडुलिंब विमान झाकून टाकतो आणि विमान गायब झाल्यासारखं वाटतं. उन्हाळ्याच्या तोंडावर, पानगळीच्या दिवसांतलं चित्र शोधून मगच निष्कर्ष काढावा.

रस्त्यानं नेणं: पैसे इथं संपतात

समजा, एखाद्या बंद संग्रहालयातलं मिग-२१ सोलापूरच्या एका कॉलेजनं घ्यायचं ठरवलं. विमान फुकट मिळालं असं धरू. तरी पुढचं फुकट नसतं.

पंख ७.१५ मीटर रुंद, आणि ट्रेलर अडीच मीटरच्या आसपास. तेव्हा पंख उतरवावेच लागतात. मिगचा मागचा भाग मुळातच सुटा होतो, कारण इंजिन बदलायला तो काढावा लागतो. ही सोय वाहतुकीत उपयोगी पडते. शेपटीचं टोक जमिनीपासून चार मीटरच्या वर असतं; त्यात ट्रेलरची उंची मिळवली की वाटेतल्या वीजतारा आणि रेल्वेखालचे पूल आडवे येतात. मागचा भाग सुटा करून आडवा ठेवला की उंचीचा प्रश्न मिटतो.

अडतं ते बोल्टांवर. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या भोकात वीस-तीस पावसाळे बसून राहिला की दोन धातूंमध्ये ओलाव्यानं रासायनिक क्रिया होते आणि बोल्ट जाम होतो. गंज सोडवणारं तेल टाकून दोन-तीन दिवस थांबायचं, रोज थोडं हलवायचं, पुन्हा तेल टाकायचं. ठेकेदाराकडं तेवढा धीर नसतो, कारण हायड्रा क्रेनचं भाडं तासावर चालू असतं. मग ग्राइंडरचं चाक येतं आणि पंखाचा मुख्य आडवा कणा कापला जातो. त्या क्षणी विमानाची किंमत संपली. ते पुन्हा जोडता येईल, वेल्डिंगनं उभंही राहील, पण कुठलंही गंभीर संग्रहालय त्याला हात लावणार नाही. बंद पडलेल्या संग्रहालयांतली कितीतरी विमानं भंगारवाल्यानं नव्हे, घाईतल्या ठेकेदारानं संपवली आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

नीट करायचं तर प्रत्येक बोल्ट काढताना फोटो, प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. क्रेनचा पट्टा पत्र्याला आतून आधार देणाऱ्या कड्याच्या जागीच घालायचा. दोन कड्यांच्या मधल्या पत्र्यावर भार आला की पत्रा डब्यासारखा चेपतो. पट्टा आणि पत्रा यांच्यामध्ये जुनी सोलापुरी चादर घडी करून घातली तर उत्तम. मात्र पोचल्याबरोबर ती काढायची. ओली सुती चादर महिनाभर पट्ट्याखाली राहिली तर तिच्या विणीचा ठसा पत्र्यावर गंजाच्या रूपात उमटतो.

चाकं आणि सुटे भाग झाकून न्यावेत हेही सांगायला हवं. २०२१ मध्ये लखनौत ट्रेलरवरून लढाऊ विमानाचं टायर चोरीला गेलं होतं. नंतर ते परत आलं, ट्रकचं टायर समजून घेतलं होतं म्हणे.

सोलापूरच्या उन्हात ते टिकेल का?

मुंबई-गोव्यापेक्षा बरं टिकेल, कारण हवा कोरडी आणि खारट वारा नाही. पण उन्हानं कॉकपिटच्या काचेला बारीक चिरा जातात, टायर फुटतात. विमान टायरांवर उभं न ठेवता लोखंडी ठोकळ्यांवर उचलून ठेवावं. तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. साळुंक्या आणि कबुतरं इंजिनाकडं हवा जाते त्या तोंडातून आत घरटी करतात, काड्यांनी ती भोकं बुजतात आणि पावसाचं पाणी आत साचून पत्र्याचे पापुद्रे सुटतात. तोंडाला जाळी लावणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

खांबावर चढवणार असाल तर दोन गोष्टी. इंजिन मागं असतं, ते काढलं की नाक जड होतं, म्हणून तोल नव्यानं काढावा लागतो. आणि वळीव. मे महिन्यात सोसाट्याचा वारा सुटतो तेव्हा तो पंख उचलायचं बघतो. पंख बनलाय त्याच कामासाठी. खांबाचा हिशेब फक्त वजनाचा केला आणि वाऱ्याचा केला नाही तर पायाचे बोल्ट सैल होत जातात.

“भंगारवाल्यानं लाखो कमावले असणार!”

हिशेब करून पाहू. मिग-२१ चं रिकामं वजन साडेपाच टनांच्या आसपास. सव्वा टनाचं इंजिन गेलेलं. पोलाद, रबर, तारा, काच वगळून तीन टन ॲल्युमिनियम उरलं असं धरा आणि किलोला दीडशे रुपये भाव धरा. साडेचार लाख झाले. यातून क्रेन, ट्रेलर, कापणाऱ्यांची मजुरी गेली. शिवाय विमानाच्या ॲल्युमिनियममध्ये तांबं आणि जस्त मिसळलेलं असतं. भांड्याच्या किंवा तारेच्या शुद्ध ॲल्युमिनियमसारखा भाव त्याला मिळत नाही, ते वितळवून ओतीव कामाकडं जातं. गॅस कटरही इथं चालत नाही. ॲल्युमिनियम साधारण ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर दोन हजारांच्या वर. लोखंडासारखी सरळ रेघ पडत नाही, नुसता लगदा होतो.

म्हणून विमान भंगारात जातं ते लोभापायी कमी, आणि जागा मोकळी करण्याच्या घाईपायी जास्त. काही विमानांचं फक्त नाक वाचतं. कॉकपिटपर्यंतचा तुकडा एखाद्या खोलीत मावतो, टेम्पोतून नेता येतो, म्हणून संग्राहक तेवढंच घेतात. शोधताना ‘विमान कापलं’ असं उत्तर आलं तरी नाक कुठं गेलं हे वेगळं विचारावं.

“वारसा म्हणून कायदा वाचवत नाही का?”

नाही. पुरावशेषांचा १९७२ चा कायदा साधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होतो. भारताच्या हवाई दलात पहिलं जेट, व्हॅम्पायर, १९४८ मध्ये आलं. म्हणजे वयाच्या अटीत बसणारं लष्करी जेट देशात आज एकही नाही. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या हाताखाली बंगळुरूत घडलेलं आणि १९६१ मध्ये उडालेलं मरुत हे आपलं पहिलं लढाऊ जेट. जेमतेम दीडशे बनली. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक उभं आहे, म्युनिकजवळ जर्मनीच्या संग्रहालयातही एक आहे. कायद्याच्या नजरेत तेही अजून जुनं यंत्रच.

“पण हे सुटे भाग शत्रूच्या हाती लागले तर?”

ही भीती खरी आहे आणि म्हणूनच काही वेळा विमान मुद्दाम नष्ट केलं जातं. अमेरिकेनं २००६ मध्ये एफ-१४ हे लढाऊ विमान निवृत्त केलं. त्याच प्रकारची विमानं इराणकडं होती आणि त्यांना सुट्या भागांची गरज होती. तेव्हा साठ्यातली बरीच एफ-१४ यंत्रात घालून त्यांचा चुरा करण्यात आला. लिलावाच्या यादीत एखादं विमान नुसतं ‘मिश्र धातूचा भंगार’ म्हणून, टनांत, नावाशिवाय दिसतं, त्यामागं हेही कारण असू शकतं.

“कॉकपिटमध्ये किरणोत्सर्ग असतो म्हणे”

जुन्या विमानांत असू शकतो. रात्री चमकावेत म्हणून घड्याळांच्या काट्यांवर रेडियमचा रंग असायचा. रेडियम निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात. चमकणारं रसायन मात्र काही दशकांत थकतं. म्हणजे काटा चमकायचा थांबला तरी रेडियम जवळजवळ तेवढंच आहे. बंद काचेआड ते फारसं त्रास देत नाही. काच फोडून काटा खरवडला, धूळ नाकात गेली, की धोका. सुटी घड्याळं हौसेनं उघडू नयेत आणि शंका आली तर परमाणु ऊर्जा नियामक परिषदेच्या नियमांनुसार तज्ज्ञाकडूनच हाताळावीत.

सोलापुरात बसून शोध कसा घ्यायचा

विमान महापालिकेच्या बागेत किंवा चौकात होतं, तर कागद महापालिकेकडं. कॉलेजमध्ये होतं, तर कॉलेजच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे डेड स्टॉक रजिस्टरमध्ये. खाजगी विश्वस्त संस्थेचं संग्रहालय होतं, तर संस्थेनं धर्मादाय कार्यालयात दिलेल्या हिशेबांत आणि मालमत्तेच्या नोंदीत. हवाई दलाकडं परत गेलं, तर हवाई दलाकडं. सरकारी भंगाराचे ऑनलाइन लिलाव बहुधा एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत होतात. माल ‘जसा आहे, जिथं आहे’ या अटीवर, बयाणा भरून, ठरलेल्या दिवसांत उचलायचा असतो. उचलायला उशीर झाला तर जागेचं भाडं लागतं, आणि जिथं भाडं आकारलं जातं तिथं पावती असते.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. महाराष्ट्रातल्या कार्यालयांसाठी अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून ‘विमान कुठं गेलं ते सांगा’ असं मोघम लिहू नये. कागदाचं नाव घेऊन मागावं: विमान मिळालं तेव्हाचा करार किंवा दानपत्र, जडवस्तू नोंदवहीतलं ते पान, हलवण्याचा ठराव, निर्लेखन समितीचा अहवाल, लिलावाची जाहिरात आणि बिल, दरवाजातून बाहेर जाताना केलेली गेटपासची नोंद. गेटपास मोलाचा, कारण त्यावर ट्रेलरचा क्रमांक आणि जायचं ठिकाण असतं. हवाई दलाला अर्ज करताना संरक्षणाच्या कलमाखाली नकार येऊ शकतो. विमानाच्या क्षमतेबद्दल काही न विचारता फक्त हस्तांतराचा कागद मागितला तर नकाराला जागा कमी उरते. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

बऱ्याचदा उत्तर येतं, ‘सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही.’ इथं थांबू नका. जुने कागद नष्ट करायचे तर त्यांचीही यादी करावी लागते. दुसऱ्या अर्जात तेवढंच मागा: त्या वर्षांतल्या नष्ट केलेल्या अभिलेखांची नोंदवही. विमानाची फाइल त्या यादीत असेल तर ती कधी आणि कुणाच्या सहीनं गेली ते कळेल. यादीत नसेल, तर फाइल त्याच कार्यालयात कुठल्या तरी गठ्ठ्यात असायला हवी, आणि पहिल्या अपिलात नेमकं हेच लिहायचं.